कंदिलाच्या काचेत हात कोणाचा जात असे?

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, दुसऱ्या दिवशी, दुपारचे जेवण उरकल्यानंतर आणि संध्याकाळची घुमट या मातीच्या वाद्याच्या साथीने होणारी आरती सुरू होण्यापूर्वी, गोव्यात फोंड्याकडच्या आमच्या मूळ घरात दोन-तीन तास मोकळे मिळतात. मडगाव, म्हापसा आणि मुंबई असे पांगलेले चारही बिऱ्हाडांचे लोक त्या वेळी राजांगणाच्या, म्हणजे घराच्या मधल्या चौकाच्या, कडेने बसलेले असतात, पण बोलणे दरवर्षी ठरलेल्या वाटेनेच जाते: कोणाची बदली झाली, कोणाचे गुडघे दुखतात, नारळाचा भाव काय चालला आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या पुतणीने एका तांब्यात छोट्या प्रश्नांच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि तो सगळ्यांपुढे फिरवला. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आत्याच्या हाती आलेल्या चिठ्ठीवर लिहिले होते, "कोणता वास आला की तुम्हाला आपण लहान झाल्यासारखे वाटते?"

आत्या बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "रॉकेलचा." तिच्या लहानपणी गावात वीज आलेली नव्हती. घरात पाच कंदील होते आणि तिन्हीसांजेपूर्वी त्यांच्या काचा पुसण्याचे काम तिच्याकडे होते, कारण काचेच्या अरुंद तोंडातून आत जाईल एवढा लहान हात घरात तिचाच होता. आधी चुलीतली राख फडक्यावर घेऊन काजळी काढायची, मग जुन्या कागदाने काच लख्ख करायची. हे सांगताना तिने अंगठा तळव्यात दुमडला, चारही बोटे जुळवली आणि हात हवेत हळूच फिरवून दाखवला. पुतणीने विचारले, "आणि हात मोठा झाल्यावर?" आत्या म्हणाली, "मग ते काम याच्याकडे गेले. त्या दिवशी मी माडीवर जाऊन रडले." तिने बोट दाखवले ते माझ्या वडिलांकडे. वडील तिच्याकडे पाहतच राहिले. कटकटीच्या कामातून ताई सुटली, असेच ते साठ वर्षे समजत आले होते.

आपल्या माणसांना आपण ओळखतो, असे आपण धरून चालतो. मानसशास्त्रातील गेल्या काही दशकांचे संशोधन सांगते की ही समजूत जितकी पक्की, तितकी ती तपासून पाहण्याची गरज अधिक असते. अमेरिकेतील केनेथ सवित्स्की, बोआझ केसार, निकोलस एप्ली आणि त्यांचे सहकारी यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात नवरा-बायकोंना एकमेकांकडे पाठ करून बसवले होते. एकाने रोजच्या बोलण्यातले, पण ज्याचे अनेक अर्थ निघू शकतील असे वाक्य उच्चारायचे आणि ऐकणाऱ्याने त्यातला नेमका हेतू ओळखायचा. आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर "आज फार उकडते आहे" या वाक्याचा अर्थ पंखा लाव असा, खिडकी उघड असा किंवा नुसतीच कुरकुर असाही असू शकतो. आपल्या जोडीदाराला आपले म्हणणे अनोळखी माणसापेक्षा अधिक नेमके कळेल, अशी बोलणाऱ्यांची खात्री होती. प्रत्यक्षात जोडीदारांचे उत्तर अनोळखी माणसांपेक्षा सरस ठरले नाही. अनोळखी माणसाला आपल्या मनातले माहीत नाही, हे आपल्या लक्षात असते आणि म्हणून त्याच्याशी आपण जपून, उलगडून बोलतो. घरच्या माणसापुढे ही काळजी गळून पडते, कारण जे आपल्या मनात आहे तेच त्याच्याही मनात असणार, असे आपण न तपासता गृहीत धरतो.

त्याच वर्षी बेंजामिन शायबेहेने, युटा माटा आणि पीटर टॉड यांनी जोडप्यांना एकमेकांच्या आवडीनिवडी ओळखायला सांगितल्या. खाण्याचे पदार्थ, चित्रपट, स्वयंपाकघराची मांडणी अशा साध्याच गोष्टी होत्या. एका गटातील जोडपी १९ ते ३२ वयाची आणि सरासरी दोन वर्षे एकत्र असलेली होती, तर दुसऱ्या गटातील ६२ ते ७८ वयाच्या जोडप्यांचा सहवास सरासरी ४० वर्षांचा होता. अंदाज अधिक चुकले ते वयस्क जोडप्यांचे. नवीन नात्यात माणूस कान टवकारून ऐकत असतो. पुढे आवडीनिवडी बदलत जातात, पण मनात उभे केलेले चित्र आपण दुरुस्त करत नाही, म्हणून असे होत असावे, असा एक अर्थ त्यातून निघतो. याच्याही आधी, १९९७ साली, विल्यम स्वान आणि मायकेल गिल यांनी दाखवून दिले होते की नाते जुने होत जाते तशी जोडीदाराला ओळखत असल्याची खात्री वाढते, अचूकपणा मात्र तिच्या बरोबरीने वाढत नाही.

मग स्वतःला दुसऱ्याच्या जागी कल्पून पाहिले तर? हा उपाय आपल्याला लहानपणापासून शिकवला जातो आणि सहानुभूती वाढण्यासाठी तो मोलाचाही असेल. परंतु ताल एयाल, मेरी स्टेफेल आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ साली एकूण २५ प्रयोग मांडून हे तपासले, तेव्हा दुसऱ्याच्या जागी स्वतःची कल्पना केल्याने त्याच्या मनातले अधिक अचूक ओळखता येते, याला आधार मिळाला नाही. अचूकता वाढली ती त्या माणसाशी प्रत्यक्ष बोलून, त्यालाच विचारल्यावर. माझ्या मते या सगळ्या संशोधनातील सर्वांत उपयोगी गोष्ट हीच आहे आणि ती इतकी साधी आहे की आपण तिच्याकडे लक्ष देत नाही.

विचारायचे काय, हा पुढचा प्रश्न. आर्थर आरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेली ३६ प्रश्नांची यादी आता जगभर प्रेमात पडण्याची युक्ती म्हणून फिरते, परंतु ती तयार झाली होती प्रयोगशाळेत दोन अनोळखी माणसांमध्ये थोड्या वेळात जवळीक निर्माण करून तिचा अभ्यास करण्यासाठी. बारा-बारा प्रश्नांचे तीन गट होते आणि एकूण वेळ ४५ मिनिटांचा. या यादीचा क्रम पाहण्यासारखा आहे. सुरुवातीचे प्रश्न अगदी हलके आहेत: जेवायला कोणालाही बोलावता आले तर कोणाला बोलवाल, स्वतःशी शेवटचे कधी गुणगुणलात, फोन करण्यापूर्वी काय बोलायचे याची मनात उजळणी करता का. पुढे प्रश्न टप्प्याटप्प्याने खोल होत जातात. शेवटी प्रत्येकाला एकमेकांत कमी-अधिक शिरलेल्या वर्तुळांच्या सात जोड्या दाखवून, आपले समोरच्याशी असलेले नाते यांपैकी कोणत्या जोडीसारखे वाटते, असे विचारले गेले. नुसत्या वरवरच्या गप्पा मारलेल्या जोड्यांपेक्षा या जोड्यांना अधिक जवळीक वाटली होती. अर्थात ही जवळीक लगेच मोजलेली होती, त्यामुळे पाऊण तासात मैत्री पक्की होते असे त्यातून कोणी समजू नये.

हलकेपणाचे महत्त्व आणखी एका बाजूने दिसते. ब्रिटनमधील ॲलन ग्रे, ब्रायन पार्किन्सन आणि रॉबिन डनबार यांच्या २०१५ मधील प्रयोगात, एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांना चौघाचौघांच्या गटात दहा मिनिटांची चित्रफीत दाखवली. काही गटांना विनोदी, काहींना निसर्गाची, तर काहींना गोल्फच्या शिकवणीची. त्यानंतर प्रत्येकाने आपल्याबद्दल थोडेसे लिहायचे होते. हसून आलेल्या माणसांनी स्वतःबद्दल अधिक आतले काही लिहिले आणि आपण तसे केले आहे याची जाणीव त्यांना फारशी नव्हती. एखादा गमतीचा प्रश्न, त्यावर उठलेला हशा आणि मग कोणीतरी सहज सांगून टाकलेली, वर्षानुवर्षे मनात ठेवलेली गोष्ट, हा क्रम ज्याने चवथीची किंवा लग्नघराची रात्र पाहिली आहे त्याच्या ओळखीचा असेल. बोलणाऱ्याच्या मेंदूतही यावेळी काही घडत असते. डायना तामिर आणि जेसन मिचेल यांनी २०१२ साली दाखवले की स्वतःविषयी सांगताना मेंदूतील तेच भाग अधिक सक्रिय होतात, जे अन्न किंवा पैसा मिळाल्यावर होतात, आणि स्वतःबद्दल बोलण्याच्या संधीसाठी माणसे थोड्या पैशांवर पाणी सोडायलाही तयार होतात. प्रश्न विचारणे म्हणजे समोरच्याला हा आनंद देऊ करणे होय.

पुन्हा आत्याकडे येतो. तिच्या वाट्याला वासाचा प्रश्न आला, हा योग चांगला होता. स्वीडनमधील योहान विलांडर आणि मारिया लार्सन यांनी वयस्क माणसांना काही वास, काही शब्द आणि काही चित्रे देऊन आठवणी सांगायला लावल्या, तेव्हा शब्दांनी आणि चित्रांनी जाग्या झालेल्या आठवणी मुख्यतः ११ ते २० या वयातील निघाल्या, तर वासाने जाग्या झालेल्या आठवणी पहिल्या दहा वर्षांतील होत्या. वासाची वार्ता नाकातून मेंदूच्या घ्राणकंदात जाते आणि तेथून भावना व स्मृती यांच्याशी निगडित असलेल्या भागांकडे जवळच्या वाटेने पोहोचते, पाहण्या-ऐकण्याच्या वार्तेसारखी ती आधी थॅलॅमस या मेंदूच्या मध्यभागातील थांब्यावर थांबत नाही. म्हणून आजी-आजोबांच्या अगदी बालपणात शिरायचे असेल तर "लहानपण कसे होते?" हा ढोबळ प्रश्न कामाचा नाही. पहिल्या पावसात पडवीत कसला वास येत असे, पुरुमेताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेल्या, सामानाची खोली उघडली की काय जाणवत असे, असे विचारावे.

तारुण्यातल्या आठवणींसाठी मात्र शब्द पुरतात. चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या आठवणी मोजल्या, तर साधारण दहा ते तीस या वयातील आठवणींची संख्या अपेक्षेपेक्षा जास्त भरते. डेव्हिड रुबिन आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली हा स्मृतीचा उंचवटा मांडला. गोव्यात याला वेगळाच अर्थ येतो. १९४५ च्या सुमारास जन्मलेल्या माणसाच्या आयुष्यात १९ डिसेंबर १९६१ चा, पोर्तुगीज राजवटीतून मुक्तीचा दिवस आणि गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की वेगळा राहावा यावरचा १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल हे दोन्ही नेमके त्या उंचवट्यावर येतात. परंतु जनमत कौलात तुम्ही कोणाच्या बाजूने होता, असे विचारले तर सख्ख्या भावांमध्येही भिंत उभी राहू शकते, कारण फूल (विलीनीकरण) आणि दोन पाने (वेगळे राहणे) या चिन्हांनी तेव्हा कितीतरी घरे दुभागली होती. त्याऐवजी, त्या दिवसांत वाड्यावरची मुले कोणत्या घोषणा देत फिरत, घरी सर्वांत मोठ्याने कोण वाद घालत असे, असे विचारावे. माणूस आधी हसतो आणि मग बाकीचे आपणहून सांगतो.

जागाही प्रश्नाचेच काम करते. साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलेले सांगे तालुक्यातील कुर्डी गाव दरवर्षी मे महिन्याच्या सुमारास पाणी ओसरले की वर येते आणि तेथून उठून गेलेले लोक आपल्या घरांच्या जोत्यांवर परत जाऊन उभे राहतात. आठवण ज्या खुणांसह साठवली गेली त्या खुणा पुन्हा समोर आल्या की ती सहज हाती लागते, हे एन्डेल टुल्विंग आणि डोनाल्ड थॉमसन यांनी १९७३ साली मांडलेले तत्त्व त्या चिखलात उभे राहून विचारलेल्या "चूल कुठे होती?" एवढ्या प्रश्नाने अनुभवता येईल.

प्रश्न विचारल्यावर थांबणेही आले. दहा भाषांतील संभाषणांची तुलना करणाऱ्या २००९ मधील अभ्यासात, प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचे अंतर सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाइतके आढळले होते. जुनी आठवण शोधून काढायला मात्र काही सेकंद सहज जातात. या दोन गतींचा मेळ बसत नाही, म्हणून म्हातारे माणूस क्षणभर गप्प झाले की आपण त्याला आठवत नाही असे समजतो आणि तांब्या पुढे सरकवतो. आत्याच्या त्या शांततेत आमच्यापैकी दोघे-तिघे पुढच्या चिठ्ठीकडे वळलेच होते.

पुतणीने विचारलेला दुसरा प्रश्न चिठ्ठीवर नव्हता. कॅरन हुआंग, ॲलिसन वुड ब्रुक्स आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली अनोळखी माणसांच्या पंधरा मिनिटांच्या लेखी संवादांचा अभ्यास केला. काहींना किमान नऊ, तर काहींना जास्तीत जास्त चार प्रश्न विचारायला सांगितले होते. अधिक प्रश्न विचारणारा माणूस समोरच्याला अधिक आवडला आणि त्यातही मोठा वाटा होता तो आधीच्या उत्तराला धरून विचारलेल्या प्रश्नांचा. ते स्वाभाविकच आहे, कारण ऐकल्याशिवाय तसा प्रश्न सुचूच शकत नाही. यादीतले सगळे प्रश्न धडाधड विचारून संपवणारा माणूस हाच भाग गमावून बसतो. "लग्न कधी?" आणि "पगार किती?" हे सणासुदीला हमखास येणारे प्रश्नही याच कारणाने बोचतात, कारण विचारणाऱ्याला उत्तर ऐकायचे नसून समोरच्याला मोजायचे असते.

अटलांटा येथील एमरी विद्यापीठातील मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी मुलांसाठी "तुला माहीत आहे का?" अशी वीस प्रश्नांची सूची तयार केली होती. आई-वडिलांची भेट कशी झाली, आजी-आजोबा कुठे वाढले, असे त्यातले प्रश्न. कुटुंबाबद्दल अधिक माहिती असलेल्या मुलांमध्ये आत्मविश्वास अधिक आढळला. उत्तरे पाठ करून घेतली म्हणजे तो येतो, असा याचा अर्थ नाही, हे ड्यूक यांनी स्वतःच स्पष्ट केले होते. ज्या घरात अशा गोष्टी सांगायला आणि ऐकायला माणसे एकत्र बसतात, त्या घराचा तो गुण असावा.

सुझन स्प्रेचर आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली आणखी एक गोष्ट नोंदवली. एकाने केवळ विचारावे आणि दुसऱ्याने केवळ सांगावे, यापेक्षा आळीपाळीने विचारले आणि सांगितले तर परस्परांविषयीची आपुलकी अधिक वाढते. आत्याला हे कोणी सांगण्याची गरज नव्हती. कंदिलाची गोष्ट संपल्यावर तिने तांब्या आपल्याकडे ओढला, एक चिठ्ठी काढली, चष्मा कपाळावर सरकवून ती डोळ्यांजवळ धरली आणि माझ्या वडिलांना विचारले, "घरातले कोणते काम तू कोणालाही देणार नाहीस?" वडिलांनी गणपतीच्या वर फळे-पाने बांधून सजवलेल्या माटोळीकडे पाहिले. रानात जाऊन तिच्यासाठी फळे आणायचे काम दोन वर्षांपूर्वी आम्ही त्यांच्या वयाकडे पाहून, त्यांना न विचारताच, दुसऱ्याकडे सोपवले होते.