गुडघ्याजवळची बॅटरी

जुलैमधली रात्र, आंबोलीजवळ चौकुळच्या बाजूची एक कच्ची वाट. मित्राची जीप, टपावर नवीकोरी एलईडीची पट्टी. ती लावली की समोरचं रान लग्नाच्या मांडवासारखं उजळायचं. तरीही पाऊण तासात आम्ही दोनदा अशा दगडावर चढलो, जो आम्हा दोघांपैकी एकालाही दिसला नव्हता. तिसऱ्यांदा गाडी अडली तेव्हा आवाज ऐकून वाडीवरचे एक काका छत्री आणि बॅटरी घेऊन आले. चाकाकडे बघायच्या आधी टपाकडे बघून म्हणाले, "तो वरचा दिवा मालवा आधी. त्याच्यानं काय दिसत नाही."

ऐकायला उलटं वाटतं, पण हिशेब काकांच्या बाजूचा आहे. जमिनीचा उंचसखलपणा आपल्या डोळ्याला कळतो तो मुख्यतः सावलीवरून. समजा, २० मीटर पुढे वीतभर, म्हणजे १५ सेंटिमीटर उंचीचा दगड आहे. गाडीचा नेहमीचा हेडलाइट जमिनीपासून साधारण ९० सेंटिमीटरवर असतो. त्याच्या उजेडात या दगडाची सावली ४ मीटर लांब पडते. चालकाचा डोळा असतो १.६ मीटरच्या आसपास. तिथून बघताना दगडाच्या आडोशाला २ मीटर जमीन झाकली जाते. उरलेली २ मीटर काळी सावली मात्र स्पष्ट दिसते, आणि तीच ओरडून सांगते की इथे काहीतरी आहे. आता दिवा टपावर, १.९ मीटरवर न्या. सावली आखडून १.७ मीटर होते, म्हणजे दगडाच्या आडोशातच संपते. चालकाला सावलीचा टिपूसही दिसत नाही. लाल मातीत लाल जांभा, त्यावर भरपूर पांढरा उजेड आणि सगळं सपाट!

चंद्राचंही असंच होतं. अष्टमीच्या चंद्राकडे साध्या दुर्बिणीतून पाहा, उजेड-अंधाराच्या सीमेवरची विवरं कोरल्यासारखी उठून दिसतात, कारण तिथे ऊन तिरकं पडतं. पौर्णिमेला सूर्य जवळजवळ आपल्या पाठीमागून उजेड टाकत असतो आणि तोच चंद्र चकचकीत, सपाट थाळी होऊन बसतो. टपावरची पट्टी लावली की आपण समोरच्या वाटेची पौर्णिमा करून टाकतो.

पण खाली असलेल्या हेडलाइटलाही एक गोष्ट जमत नाही. ती म्हणजे चाकोरी. मराठीत चाकोरी हा शब्द आपण आता सुविचारांपुरताच वापरतो, पण पावसाळ्यात जंगलवाटेवर तो अगदी शब्दशः भेटतो. ट्रॅक्टरच्या चाकांनी पाडलेल्या दोन घळी, मधे गवताचा उंचवटा. या घळी गाडीच्या दिशेनेच धावतात, उजेडही त्याच दिशेने जातो, त्यामुळे त्यांच्या कडांची सावली आडवी पडतच नाही. चाकोरी वीतभर खोल आहे की हातभर, हे गाडीत बसून समजत नाही. काकांनी काय केलं? वाटेच्या कडेला उभे राहिले, बॅटरी गुडघ्याच्या खाली धरली आणि उजेड वाटेला आडवा सोडला. डावी चाकोरी एकदम कोळशासारखी काळी झाली. तिथे आमचं चाक गेलं असतं तर मधल्या उंचवट्यावर गाडीचं पोट टेकलं असतं आणि चारही चाकं हवेला वारा घालत बसली असती.

आम्ही अडकलो होतो त्या दगडावरून सुटायला मात्र सावली नाही, हवा उपयोगी पडली. टायरचा दाब ३० पीएसआयवरून १५ वर आणला. १,८०० किलोच्या गाडीचं एका चाकावर साधारण ४५० किलो वजन येतं. ३० पीएसआयला ते ए-४ कागदाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याएवढ्या जागेवर तोललेलं असतं. दाब निम्मा केला की टेकणारी जागा जवळपास दुप्पट होते, रबर दगडाला लपेटून धरतं. परत डांबरी रस्त्यावर येताना हवा भरायला पंप जवळ हवा, एवढंच.

पाण्याची गंमत आणखी वेगळी. कोरडी माती उजेड चहूकडे विखुरते, त्यातला थोडा आपल्याकडे परत येतो. डबक्याचा स्थिर पृष्ठभाग आरशासारखा वागतो आणि हेडलाइटचा उजेड पुढच्या पुढे फेकून देतो. त्यामुळे डबकं दिसतं काळं, गुळगुळीत आणि फसवं. भोवतालच्या खडबडीत मातीपेक्षा तोच भाग चांगला रस्ता वाटतो. दिवे मालवून समोर चंद्र असताना पाहिलं तर नेमकं उलट होतं. पाणी चमकतं आणि माती काळी राहते. खोली मात्र दोन्ही उजेडांत कळत नाही, त्याला काठीच लागते.

धुक्याबद्दल एक समज सगळ्या गॅरेजांत ऐकू येतो की पिवळा दिवा धुकं 'कापतो'. धुक्याचा थेंब साधारण १० ते २० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन. थेंब तरंगापेक्षा इतका मोठा असला की पिवळं काय नि पांढरं काय, सगळंच जवळपास सारखं विखुरतं. फॉगलॅम्प उपयोगी पडतो तो रंगामुळे नाही, तर तो खाली असतो आणि त्याचा झोत वर जात नाही म्हणून. चालकाच्या नजरेसमोरचे थेंब उजळतच नाहीत. अप्पर, म्हणजे वरचा लांबचा झोत लावला की तेच थेंब पेटतात आणि समोर पांढरी भिंत उभी राहते.

आता डोळ्याकडे वळू. दृष्टिपटलात दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूपेशी रंग आणि बारकावे बघतात, दंडपेशी अंधुक उजेड टिपतात. दंडपेशी पुऱ्या जाग्या व्हायला २० ते ३० मिनिटं अंधार लागतो. मोबाइलच्या पांढऱ्या पडद्याकडे क्षणभर पाहिलं की ही कमाई बरीचशी वाया जाते. दंडपेशींना लाल रंग जवळजवळ दिसतच नाही, म्हणून झोताच्या बाहेर कोकणच्या वाटेची लाल माती काळी भासते आणि शेजारचं हिरवं गवत तुलनेनं उजळ. नजरेच्या ऐन मध्यावर दंडपेशी नसतातच. अंधारातली अंधुक हालचाल थेट रोखून पाहिली की गायब होते, किंचित बाजूला पाहिलं की परत येते. भुताच्या निम्म्या गोष्टी इथूनच निघाल्या असाव्यात, असा माझा एक बिनपुराव्याचा संशय आहे.

प्राण्यांचे डोळे चमकतात ते त्यांच्या दृष्टिपटलामागच्या परावर्तक थरामुळे. हा थर आलेला उजेड जवळजवळ आल्या वाटेनं परत पाठवतो. म्हणून चमक बघायची तर दिवा आपल्या डोळ्याच्या शक्य तितका जवळ हवा, म्हणजे जमीन वाचायला जिथे नको अगदी तिथेच. बॅटरी कानाजवळ धरून पाहिलं की ओल्या गवतात दवाचे थेंब लुकलुकावेत तसे बारीक ठिपके दिसतात. जवळ जा, प्रत्येक ठिपक्यामागे एक लांडगा कोळी बसलेला असतो. वाटेच्या मधोमध निखाऱ्यासारखं काही दिसलं तर बहुतेक तो रातवा पक्षी. बिबट्या, गवा, भेकर सगळे चमकतात. रानडुकराच्या डोळ्यात मात्र हा थरच नसतो. काळं अंग, विझलेले डोळे आणि आडवं धावायची खोड. त्याच्यासाठी उरतो एकच उपाय, वेग.

ताशी ४० किलोमीटरला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. दचकून ब्रेकवर पाय जायला दीड सेकंद धरा, तेवढ्यात १७ मीटर संपले. ओल्या मातीत घर्षण डांबराच्या निम्मं धरलं तर थांबायला आणखी १६ मीटर. एकूण ३३. वळणावळणाच्या जंगलवाटेवर एवढं दिसतं कुठे? ताशी २० ला हाच हिशेब १२ मीटरवर येतो. कर्नाटकातल्या बंदीपूरच्या जंगलातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ बहुतेक वाहनांना बंद ठेवला जातो, त्याच्या मुळाशीही हेच साधं गणित आहे. तिथला रस्ता तर डांबरी आणि उत्तम. अभयारण्यात परवानगीशिवाय रात्री गाडी घालायचा प्रश्नच येत नाही. आमची वाट गावाची होती आणि गावाला विचारून घेतलेली होती.

काकांनी शेवटी वाटेवरची डबकी दाखवली. आंबोली टोड हा जेमतेम अंगठ्याएवढा बेडूक जगात फक्त याच भागात सापडतो. पावसाळ्यात जांभ्याच्या सड्यावरच्या, म्हणजे सपाट कातळावरच्या असल्याच उथळ डबक्यांत तो अंडी घालतो. बोटभर पाण्यात चाक घातलं की सगळी वीण संपली. गाडीतून हा बेडूक दिसायची शक्यता शून्य. मग राहिलेला दीड किलोमीटर मी जीपपुढे चालत गेलो, बॅटरी गुडघ्याजवळ धरून. मित्र मागून पहिल्या गिअरमध्ये, नुसत्या डिपरवर. सव्वा तास लागला.