वणवाप्रवण भागातील बागांसाठी स्थानिक वनस्पतींची निवड

जिथे कोरड्या ऋतूत वणवे लागतात, तिथे घराभोवती बाग करताना त्याच भूभागात परंपरेने वाढत आलेल्या वनस्पतींमधून आगीला कमी साथ देणाऱ्या निवडणे, त्यांच्या जागा ठरवणे आणि त्या सहज पेट घेणार नाहीत अशा अवस्थेत राखणे, अशी ही उद्यानपद्धती आहे. कॅलिफोर्निया, दक्षिण ऑस्ट्रेलिया, भूमध्य समुद्राचा किनारा, दक्षिण आफ्रिकेचा केप प्रदेश आणि मध्य चिली या प्रदेशांत तिचा विशेष विचार झाला आहे. न जळणारी वनस्पती अशी कोणतीच नसते. पुरेशी धग मिळाली की हिरवेगार झाडही पेटते. म्हणून येथे ‘कमी ज्वलनशील’ एवढाच शब्द वापरणे रास्त ठरते.

घर पेटते कसे, हे समजल्याशिवाय रोप निवडता येत नाही. वणव्यात जळालेल्या घरांपैकी बहुतेक घरांना जंगलातली उंच ज्वाळा थेट भिडलेली नसते. वाऱ्याबरोबर उडत आलेले निखारे आधी पोचतात, कधी कधी एक-दोन किलोमीटर किंवा त्याहूनही दुरून. ते पन्हाळीतल्या पाचोळ्यात, लाकडी पायरीच्या फटीत किंवा खिडकीखालच्या झुडपाच्या बुडाशी साचलेल्या सुक्या पानांत पडतात आणि तिथे धुमसत राहतात. अमेरिकेच्या वन विभागातील संशोधक जॅक कोहेन यांनी दाखवून दिले, की घराचे भवितव्य मुख्यतः खुद्द घराची बांधणी आणि त्याभोवतीचा साधारण ३० ते ६० मीटरांचा परिसर यांवर ठरते. बागेचे महत्त्व इथे आहे. समोरच्या डोंगरावरच्या जंगलापेक्षा खिडकीला टेकलेले एक वाळके झुडूप घराला अधिक घातक ठरू शकते.

वनस्पती किती लवकर पेटेल हे तिच्यातले पाणी, तेल किंवा राळ, फांद्यांची जाडी आणि अंगावर साठलेले मृत भाग यांवर अवलंबून असते. पान चुरगळल्यावर उग्र वास आला किंवा बोटांना चिकट लागले, तर त्यात बाष्पनशील तेले किंवा राळ असण्याची शक्यता मोठी. रुंद, मऊ, रसदार पाने आणि मोकळी, जाड फांदी ही चांगली लक्षणे. सुईसारखी पाने आणि बारीक काटक्यांचे दाट जाळे ही वाईट. पण सर्वांत जास्त फसवणूक होते ती मृत भागांबाबत. ज्युनिपरचे किंवा सायप्रसचे कुंपण बाहेरून गर्द हिरवे दिसते. दोन्ही हातांनी फांद्या बाजूला सारून आत पाहिले, की हिरवा थर जेमतेम वीतभर असतो आणि त्यामागे वर्षानुवर्षे अडकून राहिलेली तपकिरी पाने नि वाळक्या काड्या दिसतात. असे कुंपण म्हणजे घराच्या भिंतीशी रचून ठेवलेले सरपणच. रोपवाटिकेतले कोवळे रोप पाहून हे कळत नाही. दहा वर्षांचे झाड पाहावे लागते.

‘स्थानिक म्हणजे सुरक्षित’ हा समज चुकीचा आहे आणि तो जिवावर बेतू शकतो. वणव्याच्या प्रदेशातल्या कित्येक स्थानिक वनस्पती आगीबरोबरच उत्क्रांत झाल्या आहेत. केप प्रदेशातल्या प्रोटिया या झुडपांच्या अनेक जाती आपले बी टणक बोंडांत जपून ठेवतात आणि आग लागून गेल्यावरच ते मोकळे करतात. कॅलिफोर्नियातले चमीज हे अस्सल स्थानिक झुडूप तेलकट आणि अत्यंत ज्वालाग्राही आहे. ऑस्ट्रेलियातल्या धागेदार सालीच्या निलगिरींच्या सालीचे जळते तुकडे वाऱ्यावर दूरवर जातात आणि पुढे नव्या आगी लावतात. न्यूझीलंडचे मानुका हे झुडूप आणि हिमालयातला चीड हेही आपापल्या भूमीचेच, तरी झटकन पेटणारे. अशा झाडांचा दोष काहीच नाही. त्यांची जागा डोंगरावर आहे, वळचणीखाली नव्हे.

तरीही स्थानिक वनस्पतींची बाजू भक्कम आहे, कारण परक्या वनस्पतींनी केलेले नुकसान डोळ्यांसमोर आहे. ऑस्ट्रेलियातून आणलेली निळी निलगिरी कॅलिफोर्नियात जोमाने पसरली. १९९१च्या ऑक्टोबरमध्ये ओकलंडच्या टेकड्यांवरच्या आगीत २५ माणसे दगावली आणि सुमारे ३,००० घरे गेली, तेव्हा या झाडांच्या पाचोळ्याने आणि सालीने आगीला खाद्य पुरवले. अमेरिकेच्या पश्चिमेकडील सेजब्रश या झुडपाच्या माळांवर युरेशियातून आलेले चीटग्रास हे गवत लवकर वाळते आणि दोन झुडपांमधली मोकळी जमीन भरून काढते. पूर्वी जिथे आग थांबायची तिथून ती आता पुढे सरकते. हवाईतल्या माउई बेटावर पडीक मळ्यांत माजलेल्या परदेशी गवतांनी ऑगस्ट २०२३मध्ये लाहाइना शहरापर्यंत आग पोचवायला मदत केली. त्यात शंभरावर माणसे गेली. स्थानिक रोपे निवडल्याने निदान बागेतून पळून जाऊन रान पेटवणारे नवे तण तरी जन्माला येत नाही. शिवाय ती स्थानिक पाखरे-फुलपाखरांना आसरा देतात आणि तिथल्या मातीला, पावसाला सरावलेली असतात.

‘अग्निरोधक’ म्हणून छापलेल्या याद्या याच कारणाने सावधपणे वाचाव्यात. केप प्रदेशातले मांसल पानांचे आइस प्लांट कॅलिफोर्नियात माती धरून ठेवण्यासाठी रेल्वेमार्गांच्या आणि पुढे महामार्गांच्या कडेला लावले गेले. आज ते तिथल्या किनाऱ्यावरच्या मूळ वनस्पतींना दाबून टाकणारे आक्रमक तण आहे. त्याच्या जुन्या गालिचाची कड उचलून पाहिली, तर वर टवटवीत हिरवी पाने आणि खाली वाळलेल्या दांड्यांचा जाड थर हाताला लागतो. एका देशात जी वनस्पती योग्य, ती दुसऱ्या देशात दोन्ही अर्थांनी अयोग्य ठरू शकते.

प्रत्येक प्रदेशाकडे आपले पर्याय आहेत. कॅलिफोर्नियात जाड सालीचा कोस्ट लाइव्ह ओक, टोयॉन, लेमोनेडबेरी आणि खडकांत वाढणारी मांसल डडलिया. ऑस्ट्रेलियात पानांत क्षार साठवणारी सॉल्टबुश, जमिनीलगत पसरणारे बूबिआला, कुराजोंग. दक्षिण आफ्रिकेत कोरफडीच्या स्थानिक जाती आणि कुंपणासाठी स्पेकबूम. भूमध्य प्रदेशातल्या बूच ओकची साल तर इतकी उष्णतारोधक, की आग गेल्यावर त्याच खोडाला पुन्हा पालवी फुटते. न्यूझीलंडच्या लिंकन विद्यापीठात सुटे पान न तपासता अख्खी डहाळी भट्टीवर ठेवून जातींची ज्वलनशीलता मोजली गेली. फांद्यांची रचना त्यामुळेच हिशेबात येते. चीनमध्ये शिमा सुपर्बा या स्थानिक सदाहरित झाडाच्या रांगा जंगलात ‘हिरवे अग्निरोधक पट्टे’ म्हणून लावल्या जातात.

पाण्याचा प्रश्न नाजूक आहे. पाणी मिळालेले झुडूप उशिरा पेटते; त्यामुळे उन्हाळ्यात हलके पाणी द्यावे असे सुचवले जाते. पण कोरड्या उन्हाळ्याला सरावलेल्या काही जातींना नेमके तेच मानवत नाही. कॅलिफोर्नियाच्या फ्लॅनेलबुशला भर उन्हात वारंवार पाणी दिले, की मुळे कुजून ते मरते, आणि मेलेले झुडूप जिवंत झुडपापेक्षा कितीतरी धोकादायक. म्हणून घराजवळ अधूनमधून पाणी सोसणाऱ्या स्थानिक जाती घ्याव्यात, पाणी अजिबात न सोसणाऱ्या दूर लावाव्यात.

मांडणीत घरापासूनचे अंतर निर्णायक असते. कॅलिफोर्नियात घराभोवती ३० मीटर म्हणजे १०० फुटांचा संरक्षित परिसर कायद्याने राखावा लागतो, आणि २०२० साली झालेल्या कायद्याने भिंतीलगतच्या पहिल्या पाच फुटांसाठी वेगळ्या, अधिक कडक पट्ट्याची तरतूद केली. या पट्ट्यात खडी किंवा फरशी बरी. लाकडाच्या ढलप्यांचे आच्छादन तिथे नकोच. त्यापुढे झाडे-झुडपे सलग न लावता गटागटाने लावून मध्ये मोकळी जागा सोडतात. झाडाखाली झुडूप असेल, तर झुडपाच्या शेंड्यापासून झाडाच्या सर्वांत खालच्या फांदीपर्यंत झुडपाच्या उंचीच्या तिप्पट अंतर ठेवण्याचा संकेत आहे, म्हणजे आगीला वर चढायला शिडी मिळत नाही. उतारावर ही अंतरे वाढवावी लागतात, कारण चढाच्या दिशेने दर १० अंशांमागे आगीचा वेग साधारण दुप्पट होतो.

या भीतीपोटी सगळे उपटून जमीन उघडी करणे मात्र उलट अंगाशी येते. उघड्या मातीवर पहिल्या पावसाबरोबर परके वार्षिक गवत उगवते, उन्हाळ्यात त्याचे वाळके काड होते, आणि उतारावरची माती वाहून जाते ती वेगळीच. विरळ पण जिवंत, खोल मुळांची झुडपे राखणे अधिक शहाणपणाचे.

वणवा येऊन गेल्यावर काळवंडलेली झुडपे लगेच खणून काढण्याची घाई होते. टोयॉन, लेमोनेडबेरी यांसारख्या जाती बुडख्यातून पुन्हा फुटतात. जळालेल्या खोडाभोवतीची माती न हलवता पावसाळा जाऊ द्यावा; राखेतून तांबूस कोंब वर आले, की त्यांतले दोन-चार जोमदार ठेवून बाकीचे छाटले तरी पुरते.