प्रोस्टेटचा कॅन्सर छोटा आणि कमी धोक्याचा आहे का, याचा अंदाज

प्रोस्टेटमध्ये, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीत, कॅन्सर निघाला म्हणजे तो जिवावर उठेलच असं नसतं. काही गाठी इतक्या छोट्या आणि मंद असतात की नुसतं लक्ष ठेवलं तरी भागतं, आणि अशी गाठ ऑपरेशनच्या आधीच ओळखायचा प्रयत्न म्हणजे हा अंदाज. छोटी म्हणजे ०.५ सीसीपेक्षा कमी, ग्रंथीच्या आतच राहिलेली, ग्लीसन (कॅन्सरच्या पेशी किती बिघडल्या त्याचा स्कोअर) ६ च्या वर न गेलेली.

यात जास्त नाव निघतं ते एपस्टीनच्या निकषांचं. जोनाथन एपस्टीन हे तेव्हा अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलचे पॅथॉलॉजिस्ट होते, १९९४ मध्ये त्यांच्या टीमने ते मांडले. बोटाने तपासताना गाठ लागत नाही, पीएसए डेन्सिटी (रक्तातलं पीएसए हे प्रोस्टेटचं प्रोटीन भागिले ग्रंथीची साइज) ०.१५ च्या खाली, बायोप्सीत सुईने काढलेल्या तुकड्यांपैकी कॅन्सर असलेले ३ पेक्षा कमी, कुठल्याच तुकड्यात निम्म्यापेक्षा जास्त कॅन्सर नाही, आणि ग्लीसन ज्या दोन पॅटर्नच्या आकड्यांची बेरीज असतो, त्यात ४ किंवा ५ चा पॅटर्न नाही.

नागपुरात धंतोलीत नाहीतर मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत फाईल घेऊन बसलेल्या बाबूजींची नजर पहिले पीएसएवर जाते, पण तो आकडा एकटा काही सांगत नाही, त्याला सोनोग्राफीतल्या ग्रंथीच्या साइजने भागावं लागतं. पीएसए ६ आणि ग्रंथी ५० सीसी तर डेन्सिटी ०.१२, तोच ६ पण ग्रंथी २५ सीसी तर ०.२४, म्हणजे निकषाच्या बाहेर. ग्लीसन ६ वाचून तर घरचे फारच घाबरतात, १० पैकी ६ म्हणजे अर्ध्याच्या वर गेलं म्हणून, पण आजकाल रिपोर्टमध्ये ६ हाच सगळ्यात खालचा स्कोअर असतो, हे त्यांना तिथेच बसवून सांगायला पाहिजे.

हा अंदाज चुकतोही. बायोप्सीत साधारण १२ तुकडे घेतात, सुई ग्रंथीच्या थोड्याच भागातून जाते, समोरच्या बाजूची गाठ सुटू शकते. म्हणून आता एमआरआय करतात, आणि लक्ष ठेवायचं ठरलं तरी पीएसए आणि पुन्हा बायोप्सी चालूच राहते.

लघवीच्या त्रासासाठी फिनास्टेराइडची गोळी महिनोन् महिने चालू असेल तर पीएसए जवळपास अर्धा दिसतो, डॉक्टरला ते आधीच सांगा, कारण आकडा दुप्पट धरूनच भागाकार करावा लागतो.