सागरी राष्ट्रीय उद्यानाचा प्रस्ताव आला तर मच्छीमारांनी हक्काचा दावा कसा करायचा: मुदत, पात्रता, कागदपत्रं

किनाऱ्यावर कुठंही 'इथं सागरी राष्ट्रीय उद्यान होणार' अशी बातमी आली की दोन दिवसांत मोर्चा ठरतो, निवेदन जातं, ते देतानाचे फोटो ग्रुपवर येतात, आणि ज्याला खरी कायदेशीर किंमत आहे तो दाव्याचा अर्ज मात्र कोणी भरतच नाही. निवेदन द्या, मी नाही म्हणत नाही, पण निवेदनावर साहेबांनी काही केलंच पाहिजे असं कुठं लिहिलेलं नाही, आणि दाव्यावर मात्र चौकशी करून लेखी आदेश द्यावाच लागतो. आमच्या मच्छीमार सोसायटीत कागद भरायचं काम बरीच वर्षं माझ्याकडेच आहे म्हणून जेवढं समजलंय तेवढं सरळ भाषेत लिहितोय, शेवटचा मसुदा वकिलाला दाखवूनच द्या.

सगळ्यात आधी अधिसूचना हातात घ्या आणि बघा शब्द कुठला आहे, 'अभयारण्य' की 'राष्ट्रीय उद्यान'. आपल्याकडे दोन्हीला सरसकट 'अभयारण्य येतंय' म्हणतात आणि तिथंच घोळ होतो. दोन्ही वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली होतात. अभयारण्यात दावा मान्य झाला तर कलम २४ प्रमाणे कलेक्टरला तीन वाटा आहेत: तेवढी जागा हद्दीतून वगळायची, हक्क संपादित करून भरपाई द्यायची, किंवा मुख्य वन्यजीव रक्षकांशी बोलून तो हक्क तसाच चालू ठेवायचा. राष्ट्रीय उद्यानासाठी कलम ३५ आहे आणि त्यात चौकशीची हीच पद्धत लागू केलीय, फक्त ही तिसरी वाट नाव घेऊन वगळलीय. म्हणजे उरतात दोनच, जागा वगळा नाहीतर पैसे घ्या आणि हक्क सोडा. त्यामुळे बैठकीत कोणी तोंडी म्हणालं की 'तुमची मासेमारी चालूच राहील हो, काळजी करू नका', तर नम्रपणे विचारायचं की कुठल्या कलमाखाली, आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायचं.

आता समुद्रातल्या अभयारण्याची गंमत बघा. कलम १८ ची जी पहिली 'इरादा' अधिसूचना असते त्यात प्रादेशिक जलक्षेत्र, म्हणजे १२ सागरी मैलापर्यंतचं पाणी, धरलेलंच नाही. तिथं सरकार थेट कलम २६अ वापरू शकतं, मग लेखी दावा द्यायचा जो दोन महिन्यांचा टप्पा असतो (त्याचं गणित पुढे दिलंय) तो तुमच्या वाट्याला येईलच असं नाही. मात्र त्याच कलमात तीन अटी आहेत: केंद्र सरकारची आधी संमती, हद्द ठरवताना नौदलाच्या मुख्य जलसर्वेक्षकांशी सल्लामसलत, आणि स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं हित जपण्यासाठी पुरेसे उपाय आधी करणं. ही तिसरी अट पाठ करून ठेवा, अभयारण्याचा प्रस्ताव असेल तर तुमच्या अर्जाचं पहिलं वाक्य त्यावरच असलं पाहिजे, की कुठले उपाय केले त्याची यादी द्या. पाण्यातून नुसती बोट नेण्याचा निरुपद्रवी मार्गाचा हक्क अधिसूचनेने जात नाही हेही तिथंच लिहिलंय, पण जाणं वेगळं आणि जाळं टाकणं वेगळं.

मालवणचं सागरी अभयारण्य १३ एप्रिल १९८७ चं, म्हणजे २६अ कायद्यात यायच्या आधीचं. २९.१२२ चौरस किलोमीटर, त्यातला ३.१८२ चा गाभा सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या आजूबाजूचा. तिथला मच्छीमारांचा विरोध वर्षानुवर्षं चालला, त्यातून बाकीच्या किनाऱ्याने शिकायचं तर एवढंच की हद्दीचा नकाशा सुरुवातीलाच मागून घ्यावा. तमिळनाडूत मन्नारच्या आखातात २१ बेटांभोवतीचं राष्ट्रीय उद्यान १९८६ चं आहे, तिथं बेटांजवळ समुद्री शेवाळ गोळा करून पोट भरणाऱ्या बायकांना बंदीचा फटका बसला. बोट त्यांच्या नावावर नव्हतीच, हक्क दाखवायचा तरी कसा.

मुदतीचं गणित असं आहे. इराद्याची अधिसूचना निघाल्यापासून ३० दिवसांत चौकशीसाठी अधिकारी नेमायचा असतो, कायद्यात त्याला कलेक्टरच म्हणतात. ६० दिवसांत त्याने हद्दीतल्या आणि आजूबाजूच्या प्रत्येक गावात स्थानिक भाषेत उद्घोषणा लावायची, आपल्याकडे म्हणजे मराठीत. इंग्रजी नकाशा ग्रामपंचायतीच्या बोर्डावर चिकटवून दिला तर ती उद्घोषणा नाही, तशी लेखी हरकत लगेच घ्या. त्या उद्घोषणेच्या तारखेपासून दोन महिन्यांत तुमचा लेखी दावा जायला हवा. बातमी कधी वाचली, बैठक कधी झाली, याला काही अर्थ नाही, उद्घोषणेची तारीख धरायची. पावसाळी बंदी १ जूनपासून असते तेव्हा माणसं घरी असतात, पण हंगामात उद्घोषणा लागली तर दोन महिने कसे जातात कळत नाही, म्हणून बोर्डाचा तारखेसकट फोटो काढून ठेवायचं काम एका माणसाला नेमूनच द्या. पूर्ण चौकशी शक्यतो दोन वर्षांत संपवायची असं कायदा म्हणतो, पण नाही संपली तरी अधिसूचना रद्द होत नाही, हे लक्षात असू द्या.

पात्र कोण? कायदा म्हणतो जमिनीत किंवा जमिनीवर ज्याचा कुठलाही हक्क आहे तो. मग समुद्राचं काय? कायद्यातल्या 'जमीन' शब्दाच्या व्याख्येत खाडी, नदी, ओढे, तलाव, पाणथळ जागा, इतकंच काय खडकसुद्धा येतात. उघडा समुद्र तिथं नाव घेऊन लिहिलेला नाही, त्यामुळे खाडीतल्या आणि खडकांवरच्या मासेमारीचा दावा तुलनेने भक्कम, आणि बाहेरच्या पाण्याचा दावा करताना वकील लागणारच. पण म्हणून तो सोडायचा नाही. बोटमालकानेच दावा करायचा असं कुठंही नाही. तांडेल म्हणजे बोटीचा म्होरक्या, खलाशी, रापणीत (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यात) वाटा असलेला माणूस, ओहोटीला कालवं आणि शिंपले काढणारी बाई, किनाऱ्यावर मासळी सुकवणारं कुटुंब, सगळ्यांनी आपापला दावा टाकावा, आणि वर सोसायटीचा किंवा रापण संघाचा एक सामूहिक दावा वेगळा. बायकांचे दावे त्यांच्या स्वतःच्या नावाने, नवऱ्याच्या अर्जात एक ओळ म्हणून नको. अधिसूचनेनंतर मात्र नवीन हक्क तयार होत नाही, वारसाने आला तर आला, त्यामुळे 'आता घाईने लायसन काढूया' याचा दाव्यासाठी उपयोग नाही.

कागदपत्रांवर येऊ, कारण खरी अडचण इथंच आहे. समुद्राला सातबारा नसतो. आजोबा ज्या खडकाच्या लाइनीला जाळं टाकायचे तिथंच नातू टाकतोय हे अख्ख्या वाडीला माहीत, पण कागदावर काय? बोटीचं नोंदणी प्रमाणपत्र, महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ खालचं लायसन आणि त्याची जुनी नूतनीकरणं, मच्छीमार ओळखपत्र, सोसायटीचा सभासद दाखला, विमा, डिझेल कोट्याच्या पावत्या, लिलावाच्या पट्ट्या, बंदरावरचं टोकन, हे झालं नेहमीचं. मागच्या वेळी एका तांडेलाने प्लास्टिकच्या पिशवीतून सहा वर्षांच्या पावत्या आणून टेबलावर ओतल्या, बघतो तर निम्म्या कोऱ्या. त्या मशीनच्या गुळगुळीत कागदावरची शाई उडून जाते, त्यातून पिशवी माळ्यावर पत्र्याखाली ठेवलेली. तेव्हापासून आम्ही पावती हातात आली की झेरॉक्स आणि मोबाइलमध्ये फोटो, असा नियमच केलाय.

हे सगळे कागद तुम्ही मच्छीमार आहात एवढंच सांगतात, तुम्ही *तिथं* मासेमारी करता हे सांगत नाहीत. जागेचा पुरावा वेगळा लागतो. जीपीएसमध्ये सेव्ह केलेले पॉइंट लिहून काढा, लॉगबुक असेल तर त्याची पानं लावा. वाडीतल्या म्हाताऱ्यांना बसवून खडकांची, खाचांची, रापणीच्या जागांची नावं विचारा आणि ती नकाशावर मांडा, कोणत्या महिन्यात तिथं काय लागतं तेही, आणि खाली त्यांच्या सह्या-अंगठे घेऊन प्रतिज्ञापत्र करा. सरकारी कागदातही आपण सापडतो: केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या २००५, २०१० आणि २०१६ च्या गणनेत गाववार कुटुंबं, बोटी, जाळी मोजलीत. किनारा व्यवस्थापन आराखड्याच्या नकाशावर मच्छीमार वस्त्या आणि मासळी सुकवायच्या जागा दाखवायच्या असतात, तुमची जागा त्यात आहे का बघा, नसेल तर तीही वेगळी हरकत. रत्नागिरी-सावंतवाडीचं १८८० चं गॅझेटियर आहे त्यात इथल्या मासेमारीचं वर्णन आहे, ती पानं जोडली की 'पूर्वापार' या शब्दाला वजन येतं. जे मिळत नाही ते माहिती अधिकारात मागा, १० रुपये फी, ३० दिवस.

अर्ज विहित नमुन्यात असतो, तो चौकशी अधिकाऱ्याकडूनच घ्या. हक्काचा प्रकार, हक्काची व्याप्ती आणि भरपाई मागत असाल तर रक्कम व तपशील, असं लिहावं लागतं. 'आम्ही पारंपरिक मच्छीमार असून आमच्यावर अन्याय होत आहे' असं लिहून काही निघत नाही. त्यापेक्षा अमुक खडकापासून अमुक टोकापर्यंत, ऑक्टोबर ते मे, गिलनेटने, एवढ्या वाव पाण्यात, घरातली इतकी माणसं यावर, असं लिहा. भरपाईचा रकाना कोरा ठेवू नका हे माझं मत, बरेच जण भितात की रक्कम लिहिली म्हणजे आपण तयार झालो. वर स्पष्ट लिहा की पहिली मागणी क्षेत्र हद्दीतून वगळण्याची आहे आणि ती नाकारली तरच खालची रक्कम. रक्कम काढताना फक्त मासळीचा भाव धरू नका, दुसऱ्या जागी जायचं तर वाढणारं डिझेल, लहान होडी तिथं पोचतच नसेल तर नवीन बोट, बायकांची विक्री, सगळं धरा.

दावा दोन प्रतींत, आवक विभागात शिक्क्याची पोच घेऊन द्या. 'ठेवून जा, बघतो' म्हणणाऱ्या टेबलावर ठेवून यायचं नाही. एका ठिकाणी आमचा अख्खा गठ्ठा असाच 'सापडत नाही' झाला होता, पोच होती म्हणून वाचलो. एक प्रत मत्स्यव्यवसाय विभागाला द्या, सोबत पत्र की गावातल्या बोटी आणि लायसनांची नोंद चौकशी अधिकाऱ्याला पाठवा. कारण कोणी दावा केला नसला तरी सरकारी नोंदीतून दिसणारा हक्क कलम २२ प्रमाणे कलेक्टरने तपासायचा असतो, जे उशिरा जागे होतील त्यांना हाच आधार.

कांदळवनातल्या खाडीत मासेमारी असेल तर वनहक्क कायदा २००६ पण बघा, त्यात पाण्यातल्या मासळीवरचा सामूहिक हक्क लिहिलाय आणि त्याच्या व्याख्येत अभयारण्यं व राष्ट्रीय उद्यानंही येतात. तो अर्ज ग्रामसभेकडे जातो, रस्ता पूर्ण वेगळा, बिगर-आदिवासी असाल तर तीन पिढ्यांची म्हणजे ७५ वर्षांची अट लागते. दोन्ही एकाच वेळी चालवता येतात.

सुनावणीला अधिकाऱ्याला दिवाणी न्यायालयासारखे अधिकार असतात, साक्षीदार बोलावता येतात, तर म्हाताऱ्यांना घेऊन जा, बायकांना घेऊन जा, आणि जाग्यावर पाहणी करा अशी लेखी मागणी करा, शक्यतो ओहोटीच्या वेळेची, नाहीतर भरतीला साहेबांना नुसतं पाणी दिसतं आणि कालवांचे खडक दिसतच नाहीत. शेवटी आदेश निघेल, पूर्ण मान्य, अर्धा मान्य किंवा नामंजूर. सही-शिक्क्याची नक्कल त्याच आठवड्यात काढा. भरपाईची रक्कम पटली नाही तर न्यायालयात जाता येतं, आणि वकील पहिल्यांदा तीच नक्कल मागतो.