फना

फना : साधकाचे मीपण ईश्वरप्रेमात विरून जाण्याच्या अवस्थेला सूफी परंपरेने दिलेले नाव. अरबीत या शब्दाचा अर्थ नाहीसे होणे, लयाला जाणे. मराठीत आपण लाडवांचा ‘फन्ना उडवतो’ तो शब्द याच घरातला. फारसीवाटे आला आणि पंगतीत येऊन बसला.

या कल्पनेचे बीज कुराणाच्या ५५व्या सुऱ्यात, म्हणजे अध्यायात, दाखवतात. पृथ्वीवरचे सारे नाश पावणारे आहे आणि उरते ते केवळ प्रभूचे मुख, अशा आशयाच्या दोन आयती तिथे आहेत. नाश पावणे आणि उरणे, म्हणजे फना आणि बका, ही जोडी तिथूनच उचललेली. बगदादच्या जुनैद या सूफीने (मृत्यू ९१०) तिला शिस्त लावली. फना हा शेवटचा मुक्काम नाही, असे त्याचे म्हणणे. त्यानंतर बका येते. माणूस शुद्धीवर येतो, चारचौघांत वावरतो, पण वावरणारा आता ‘तो’ राहिलेला नसतो.

‘ज्याने स्वतःला ओळखले त्याने आपल्या प्रभूला ओळखले’ हे वचन सूफी ग्रंथांत जागोजाग भेटते. ते पैगंबरांचे म्हणून सांगितले जाते. हदीसच्या, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या, कसोट्या लावणाऱ्या अनेक विद्वानांना मात्र ते मान्य नाही. कवींनी ती पंचाईत केली नाही. त्यांच्यापुढची अडचण वेगळी होती : ओळखणाराच विरून गेला, तर ओळखले कोणी? शास्त्रकारांनी यावर पुष्कळ लिहिले, पण लोकांच्या तोंडी राहिल्या त्या कवींनी सांगितलेल्या गोष्टी.

त्यांतली सर्वांत चतुर गोष्ट निशापूरच्या फरीदुद्दीन अत्तारची. त्याच्या ‘मन्तिक-उत-तैर’ या फारसी मसनवीत, म्हणजे जोडओळींच्या यमकाच्या दीर्घ काव्यात (सुमारे ११७७), जगभरचे पक्षी आपला राजा सीमुर्ग याच्या शोधात निघतात. वाटाड्या असतो तुरेवाला हुदहुद. निघण्याआधीच सबबी सुरू होतात : बुलबुलला गुलाब सोडवत नाही, बदकाला पाणी, घुबडाला पडक्या वाड्यातला खजिना. पुढे शोध, प्रेम, ज्ञान, निरिच्छता, एकत्व, विस्मय आणि सगळ्यांत शेवटी दारिद्र्य व फना अशा सात दऱ्या आहेत. हजारोंतून तीस पक्षी पोचतात, तेही पिसे झडलेले. दरबारात त्यांना सीमुर्ग म्हणून दिसतात ते ते स्वतःच. फारसीत ‘सी’ म्हणजे तीस आणि ‘मुर्ग’ म्हणजे पक्षी. सारे काव्य या एका श्लेषावर तोललेले आहे, आणि कोणत्याही भाषांतरात तो तळटिपेत जाऊन पडतो. सीमुर्गचे उत्तर मात्र श्लेषाशिवायही चालते : ही जागा आरसा आहे, तुम्ही तीस आलात म्हणून तीस दिसलात; चाळीस-पन्नास आला असता तर तितके दिसला असता.

जलालुद्दीन रूमीने (१२०७–१२७३) हीच गोष्ट एका बंद दारावर आणून ठेवली. त्याच्या ‘मसनवी’ या ग्रंथाच्या पहिल्या दफ्तरात, म्हणजे खंडात, एक जण मित्राचे दार ठोठावतो. आतून विचारणा होते, कोण? ‘मी.’ मग चालता हो. या ताटावर कच्च्याला जागा नाही. तो वर्षभर विरहात पोळतो, परत येतो, भीत भीत कडी वाजवतो. कोण? ‘दारातही तूच.’ आता दार उघडते, कारण घरात दोन ‘मीं’ना जागा नव्हती. पुढच्याच ओळींत रूमी सुई घेतो : दोन टोकांचा दोरा नेढ्यातून जात नाही. तत्त्वज्ञानाची पानेच्या पाने त्या नेढ्यातून गेली आहेत.

मन्सूर अल्-हल्लाज या सूफीला ९२२ साली बगदादमध्ये देहदंड झाला. त्यामागे राजकारणही होते. लोकस्मृतीत उरले ते त्याचे ‘अनल्हक’, मीच सत्य. हा अहंकाराचा कळस वाटतो. रूमीच्या प्रवचनांत याचा उलटा हिशेब आहे : ‘मी देवाचा दास’ म्हणणारा दोन अस्तित्वे मानतो, एक आपले आणि एक देवाचे, ‘अनल्हक’ म्हणणाऱ्याने स्वतःला पुसूनच टाकलेले असते. ‘मसनवी’त त्याला भट्टीतल्या लोखंडाचा दाखला आहे. लाल झालेले लोखंड ‘मी आग’ म्हणते, आणि त्या क्षणी ते खोटे नसते.

भारतीय उपखंडात या कल्पनेने बाईचा आवाज घेतला. कसूरच्या बुल्लेशाहच्या (१६८०–१७५७) एका काफीत, म्हणजे पंजाबी सूफी गीतात, लोककथेतली प्रेयसी हीर म्हणते, ‘राँझा राँझा करदी नी मैं आपे राँझा होई’, प्रियकराचे नाव घेता घेता मीच राँझा झाले. आता मला हीर म्हणू नका. परंपरा सांगते की सय्यद कुळातल्या बुल्लेशाहने आराईं, म्हणजे शेतमळा करणाऱ्या जातीतल्या शाह इनायतला गुरू केले, तेव्हा घरचे बिथरले. मीपणात कुळही येतेच. सिंधच्या शाह अब्दुल लतीफ या कवीची नायिका ससुई वाळवंटभर आपल्या प्रियकराला, पुन्हूला शोधते आणि तो आपल्या आतच असल्याचे उमगते. इश्क-ए-मजाजी, माणसावरचे प्रेम, आणि इश्क-ए-हकीकी, ईश्वरावरचे, यांतली रेघ हे कवी मुद्दाम पुसट ठेवतात. प्रत्येक प्रियकराला रूपक करून टाकणारी टीका म्हणूनच थोडी भाबडी वाटते.

महाराष्ट्रात या परंपरेशी थेट नाते श्रीगोंद्याच्या शेख महंमदाचे. सूफींच्या कादरी परंपरेतला हा कवी मराठीत ओव्या-अभंग लिहितो, पण ‘योगसंग्राम’ या ग्रंथात फना-बकाऐवजी योगाची आणि भक्तीची परिभाषा वापरतो. त्याचे गुरू चांद बोधले. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी हेही त्यांचेच शिष्य, अशी एक परंपरा आहे. ‘शेख महंमद अविंध । त्याचे हृदयीं गोविंद’ या त्याच्या चरणात ‘अविंध’ हा शब्द लोकांनी मुसलमानाला लावलेला. तो न टाळता त्याने तोच पुढे केला आहे.