‘स्टेशन विकलं’ म्हणजे नेमकं काय विकलं? पुण्याच्या एफएमची पार्श्वभूमी

पुण्यातल्या एखाद्या एफएम स्टेशनचा मालक बदलला की श्रोत्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. तीच तीच गाणी लागतात, सकाळचा ओळखीचा आवाज गेला, रात्री कुणी बोलतच नाही. या तक्रारी खऱ्या आहेत, पण सगळं खापर नव्या मालकावर फोडलं की अर्धं कारण नजरेआड होतं. मालकी आणि कार्यक्रम यांच्या मध्ये परवानगीच्या अटी आहेत, गाण्यांची रॉयल्टी आहे आणि २०११ च्या धोरणातली एक सवलत आहे: एकच प्रसारण अनेक शहरांत चालवण्याची. पुण्याच्या एफएमचं खरं नुकसान त्या सवलतीने केलं.

आकाशवाणीचं पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं. मालकीचा प्रश्न पुढची चाळीस वर्षं उद्भवलाच नाही. एप्रिल १९५५ पासून वर्षभर दर आठवड्याला या केंद्रावरून ‘गीतरामायण’ ऐकू येत होतं, ते पुणेकरांना सांगायला नको. त्या मानाने १ नोव्हेंबर १९६७ ही तारीख फारशी कुणाच्या लक्षात नाही. त्या दिवशी विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, आणि पहिल्या शहरांत मुंबई व नागपूरच्या बरोबरीने पुणे होतं. रेडिओवरची वेळ ही विकायची वस्तू आहे, हे या शहराला तेव्हापासून ठाऊक आहे.

१९९३ मध्ये काही महानगरांत आकाशवाणीने एफएमवरचे तास खासगी निर्मात्यांना द्यायला सुरुवात केली. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निकाल दिला. त्यानंतर खासगी एफएमचा पहिला लिलाव झाला. ४० शहरांतल्या १०८ फ्रिक्वेन्सी पुकारल्या गेल्या, पण प्रत्यक्षात १२ शहरांत २१ वाहिन्याच वाजू लागल्या. पुण्यातली ९८.३ त्यातलीच. बाकीचे बोलीदार पळाले, कारण परवाना शुल्क कमाईशी जोडलेलंच नव्हतं. बोलीची रक्कम दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढत जाई. १५ टक्के चक्रवाढीने पाच वर्षांत शुल्क दुप्पट होतं, आणि जाहिराती काही त्या वेगाने वाढत नाहीत. कार्यक्रमांवर याचा परिणाम सरळ झाला. धोका नको म्हणून सगळीकडे नवी हिंदी चित्रपटगीतं, आणि मराठी गाणं सणावारापुरतं.

२००५ च्या दुसऱ्या टप्प्यात एकरकमी प्रवेश शुल्क आणि ढोबळ उत्पन्नाच्या ४ टक्के वार्षिक शुल्क असा हिशेब आला. मग पुण्यात ९१.१, ९३.५ आणि ९४.३ यांची भर पडली. (एका शहरातल्या दोन वाहिन्यांमध्ये ८०० किलोहर्ट्झ अंतर लागतं, म्हणून आकडे असे तुटक दिसतात. शहरात हवी तेवढी स्टेशनं काढता येत नाहीत ती याच कारणाने.) याच टप्प्यातल्या तीन अटी लक्षात ठेवायला हव्यात. एका कंपनीला एका शहरात एकच वाहिनी. सुरू झाल्यापासून पाच वर्षं मुख्य भागधारकाला आपले समभाग नव्या माणसाला देता येणार नाहीत. आणि नेटवर्किंगची, म्हणजे एकच प्रसारण एकाच वेळी अनेक शहरांत चालवण्याची, मुभा फक्त क आणि ड वर्गातल्या छोट्या शहरांना. पुणे २० लाखांवरच्या वस्तीचं, अ वर्गातलं. इथे वाजणाऱ्या स्टेशनला पुण्याचं प्रसारण पुण्यासाठी वेगळं उभं करावंच लागे. पुण्याचं खासगी एफएम सगळ्यात जास्त पुण्याचं होतं ते याच काळात, आणि ते कुणा मालकाच्या औदार्यामुळे नव्हे, अटीमुळे.

आता ‘स्टेशन विकलं’ या शब्दांकडे येऊ. हे शब्द सगळेच वापरतात आणि सगळा घोळ त्यातूनच होतो.

फ्रिक्वेन्सी सरकारची असते, ती विकता येत नाही. वाजवायची परवानगी केंद्र सरकारशी झालेल्या कराराने मिळते. धंद्यात त्याला ‘गोपा’ म्हणतात. हा करार ज्या कंपनीच्या नावे असतो तिच्याच नावे राहतो. प्रसारणाचा मनोरा आणि त्यावरचा अँटेना शहरातल्या सगळ्या वाहिन्यांना सामाईक असतो. मग विकलं काय जातं? परवानगीधारक कंपनीचे समभाग. किंवा त्या कंपनीवर जिची मालकी आहे, त्या वरच्या कंपनीचे समभाग. त्यांच्या पाठोपाठ ब्रँडचं नाव, जाहिरातदारांची यादी, माणसांचे करार, रॉयल्टीची थकबाकी, आणि सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे परवानगीची उरलेली वर्षं.

९४.३ चं उदाहरण घ्या. परवानगीधारक कंपनी खालच्या मजल्यावर, तिची शेअर बाजारात नोंदलेली मूळ कंपनी वरच्या मजल्यावर. मूळ समूह मुंबईच्या एका दैनिकाचा. २०१९ मध्ये दुसऱ्या एका मोठ्या वृत्तपत्रसमूहाने वरच्या मजल्यावरच्या कंपनीत नियंत्रण मिळवलं. खालच्या कंपनीचं नाव बदललं नाही, परवानगी जागची हलली नाही. कागदावर पुण्यात काहीच घडलं नाही. ९१.१ ची कंपनी आधी एका गुंतवणूक निधीकडे होती, २०१५ मध्ये ती एका हिंदी वृत्तपत्रसमूहाच्या हाती आली. ९५ या आणखी एका वाहिनीच्या जाळ्याची कथा सगळ्यात लांबलेली. देशभरच्या या जाळ्याच्या खरेदीचा करार २०१९ मध्ये ९१.१ च्याच कंपनीने जाहीर केला, तो मंजुरीअभावी बारगळला. पुढे २०२३ मध्ये जाळं दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेलं आणि २०२४ मध्ये नव्या मालकाच्या आराखड्याला न्यायाधिकरणाची मंजुरी मिळाली. पुण्याच्या जुन्या वाहिन्यांत ९८.३ मात्र मूळ समूहाकडे सलग राहिली.

यातला एकही व्यवहार पुण्याचा म्हणून झाला नाही. प्रत्येक वेळी देशभरच्या जाळ्याची किंमत ठरली आणि पुणे त्या तक्त्यातली एक ओळ होतं. त्यात भर म्हणजे श्रोते मोजणारी नियमित पद्धत दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि बंगळुरू या चारच शहरांपुरती उभी राहिली. पुण्यात नेमकं कोण, कधी, किती वेळ ऐकतं याचा आठवड्याचा आकडा नव्या मालकासमोर येतच नाही. येतो तो जाहिरात विक्रीचा. त्यामुळे पुण्यात कुठली गाणी लावायची याचा निर्णय मुंबईच्या आकड्यांवरून होतो आणि पुण्याच्या स्टेशनचं यश लक्ष्मी रोडच्या सराफांनी आणि बिल्डरांनी किती सेकंद घेतले यावर मोजलं जातं.

मालकी बदलल्यावर कार्यक्रमांत बदल येतो तो एका ठरावीक क्रमाने. सुरुवात जाहिरात विभागापासून होते. तासाचं ‘क्लॉक’, म्हणजे ६० मिनिटांची वाटणी, डोळ्यासमोर आणा. समजा १० गाण्यांना ४० मिनिटं, जाहिरातींना १२, आणि आरजेच्या लिंक (म्हणजे गाण्यांच्या मधलं बोलणं) व जिंगलना मिळून ८. नव्या मालकाला देणी फेडायची असतात, म्हणून जाहिराती १६ मिनिटांवर जातात. गाणी कमी केली तर श्रोता लगेच स्टेशन बदलतो, म्हणून कात्री लिंकवर चालते. दोन मिनिटांच्या लिंकची एका मिनिटाची होते. पालखीच्या दिवशी वाकडेवाडीपासून फर्ग्युसन रस्त्यापर्यंत कुठला रस्ता किती वाजता बंद आणि पर्यायी रस्ता कुठला, हे एका मिनिटात नीट सांगता येत नाही. मग आरजे ‘आज वाहतुकीत बदल आहेत, जपून जा’ एवढं बोलून पुढचं गाणं लावतो.

त्यानंतर पाळी येते गाण्यांच्या यादीची. सगळ्यात जास्त वाजणाऱ्या गाण्यांचा एक गट असतो. त्यात २० गाणी असतील आणि तासाला त्यातली ४ लागत असतील, तर एक गाणं पाच तासांनी परत येतं. चोवीसला पाचाने भाग जात नाही, म्हणून ते रोज वेगळ्या वेळी पडतं. जाळ्याच्या मुख्यालयातून ‘यादी घट्ट करा’ असा निरोप येतो आणि गट १२ गाण्यांवर येतो. आता गाणं दर तीन तासांनी. शिवाय चोवीसला तिनाने पुरता भाग जातो, म्हणून संगणकाने क्रम तसाच पुढे नेला तर सकाळी नऊला कर्वे रस्त्याने जाणाऱ्याला रोज नऊला तेच गाणं ऐकू येतं. जाणता संगीत व्यवस्थापक अशा वेळी गटात ११ किंवा १३ गाणी ठेवतो, म्हणजे वेळ रोज सरकते. पण खर्च कमी करताना नेमकं हेच पद एका शहरातून काढून चार शहरांना मिळून एक केलं जातं. ‘तीच तीच गाणी’ या तक्रारीच्या मुळाशी पुष्कळदा हा साधा भागाकार असतो.

रॉयल्टीचाही यात हात आहे. पूर्वी ध्वनिमुद्रिकेच्या हक्कांपोटी ‘नीडल अवर’च्या हिशेबाने, म्हणजे गाणं प्रत्यक्ष जितके तास वाजलं त्यावर पैसे द्यावे लागत. रात्री दोनला जाहिरात नसली तरी मीटर चालूच. ऑगस्ट २०१० मध्ये कॉपीराइट मंडळाने निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या २ टक्के असा दर ठरवला आणि स्टेशनांनी सुटकेचा श्वास सोडला. रात्रीचे तास परवडू लागले. ज्या वर्षांत रात्री माणूस बसवणं शक्य झालं, त्याच वर्षांत तो उठवायची सोय धोरणाने करून दिली, हे मनाला लागतं.

कारण २०११ च्या तिसऱ्या टप्प्याने स्वतःच्या जाळ्यात देशभर नेटवर्किंग करायला परवानगी दिली, अ वर्गातल्या शहरांनासुद्धा. समभागांवरचा बंदिवास पाचावरून तीन वर्षांवर आला. एका शहरात एकाच कंपनीला एकापेक्षा जास्त वाहिन्या घेता येऊ लागल्या, अट एवढीच की त्या शहरातल्या एकूण वाहिन्यांच्या ४० टक्क्यांवर जाऊ नयेत आणि किमान तीन वेगवेगळे चालक असावेत. या सगळ्याचं समर्थन आर्थिक होतं: एक कार्यक्रम दहा शहरांत वाजला तर खर्च दहात वाटला जातो, आणि वाचलेल्या पैशांतून स्थानिक कार्यक्रम सुधारतील. छोट्या शहरांपुरतं हे मान्य करता येईल, तिथे याशिवाय स्टेशन उभंच राहिलं नसतं. पुण्यासारख्या शहराला या आधाराची गरज नव्हती.

नेटवर्क केलेला रात्रीचा कार्यक्रम जोडताना काय होतं ते पाहण्यासारखं आहे. मुख्य शहरातून १२० सेकंदांचा ब्रेक सुटतो आणि त्या जागेत पुण्याचा संगणक पुण्याच्या जाहिराती भरतो. त्या १०० सेकंदांच्या निघाल्या तर २० सेकंद जिंगलने भरावे लागतात, जिंगल लावून ठेवली नसेल तर डेड एअर, म्हणजे नुसती शांतता. १३० सेकंदांच्या झाल्या तर शेवटची जाहिरात कापली जाते किंवा आरजेचं वाक्य मधूनच ऐकू येतं. ज्याने हे सांभाळायचं तो माणूस नऊ वाजता घरी गेलेला असतो.

पावसाळ्यात हा प्रश्न तांत्रिक राहत नाही. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं. पण वाहतूक, हवामान, पाणी-वीज, नैसर्गिक आपत्ती, स्थानिक प्रशासनाच्या सूचना या गोष्टी तिसऱ्या टप्प्यात बातम्यांतून वगळल्या आहेत, त्या सांगायला पूर्ण मोकळीक आहे. म्हणजे खडकवासल्यातून मुठेत विसर्ग वाढला, भिडे पूल पाण्याखाली गेला, नदीकाठच्या सोसायट्यांनी गाड्या हलवाव्यात, हे रात्री अकराला सांगायला कायदा आड येत नाही. आड येतो तो रिकामा स्टुडिओ. त्याच वेळी पुण्याच्या फ्रिक्वेन्सीवर दुसऱ्या शहरातला आवाज पावसाच्या आठवणींवर फोन घेत असतो.

खासगी मालकी हेच सगळ्याचं मूळ असं म्हणावं तर आकाशवाणीकडेही पाहावं लागतं. जून २०२३ मध्ये पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्त विभाग बंद करून काम छत्रपती संभाजीनगरला हलवण्याचा निर्णय झाला. पुण्यातून मोठा विरोध झाल्यावर तो स्थगित करावा लागला. इथे मालक बदलला नव्हता. माणसं कमी, म्हणून काम एका जागी गोळा करा, हा तोच हिशेब होता.

पुण्यात या हिशेबाबाहेर राहिलेली स्टेशनं म्हणजे विद्यापीठाची विद्यावाणी १०७.४ सारखी सामुदायिक केंद्रं. त्यांची परवानगी संस्थेच्या नावे असते आणि हस्तांतरित होत नाही. ताकद ५० वॅटच्या ट्रान्समीटरएवढी, त्यामुळे पल्ला काही किलोमीटरचा.

ऑक्टोबर २०२२ मध्ये आणखी दोन अटी गेल्या. देशातल्या एकूण वाहिन्यांपैकी १५ टक्क्यांहून जास्त एका समूहाकडे नसाव्यात ही मर्यादा काढली, आणि एकाच समूहाच्या कंपन्यांमध्ये परवानग्यांची फेररचना करायला असलेली तीन वर्षांची मुदत रद्द केली. आता ती १५ वर्षांच्या काळात केव्हाही करता येते. मोठ्या जाळ्याने छोटं गिळायला आता हा अडसर उरलेला नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये २३४ नव्या शहरांत ७३० वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी देताना मातृभाषेतल्या स्थानिक कार्यक्रमांचं कारण पुढे केलं गेलं. ज्या शहरांत स्टेशनं आहेत तिथल्या रात्रींबद्दल त्यात काही नव्हतं.

दुसऱ्या टप्प्यातून तिसऱ्यात आलेल्या वाहिन्यांची मुदत १ एप्रिल २०१५ पासून १५ वर्षांची. ती ३१ मार्च २०३० ला संपते. आज अशी कंपनी घेणारा उरलेल्या थोड्या वर्षांचे पैसे मोजतो आणि ते त्याच वर्षांत वसूल करायचे असतात. नवा आरजे पुण्याच्या कानाला रुळायला दोनेक वर्षं लागतात. तेवढा वेळ त्या हिशेबात बसत नाही. म्हणून परवानगीचं नूतनीकरण होईल तेव्हा नेटवर्किंगचं कलम पुन्हा उघडायला हवं, आणि संध्याकाळी सात ते मध्यरात्रीच्या तासांसाठी पुण्यातच बसलेला माणूस ही अट त्यात लिहून घ्यायला हवी. नियामकाच्या सल्लामसलतीत सूचना मांडायला सामान्य श्रोत्यालाही वाव असतो, आणि या कलमाबद्दल पुण्यातून लेखी सूचना आत्तापासून जायला हव्यात.