व्हॉट्सॲपवर तिसरी टिक नसतेच

‘तीन निळ्या टिक म्हणजे सरकारने मेसेज पाहिला, तीन लाल म्हणजे कोर्टाचं समन्स निघालं.’ वर्षानुवर्षं फिरणारा हा फॉरवर्ड साफ खोटा आहे.

एक करडी टिक म्हणजे मेसेज सर्व्हरवर पोहोचला. दोन करड्या म्हणजे समोरच्याच्या फोनवर उतरला. दोन निळ्या म्हणजे वाचला. हा रंग नोव्हेंबर 2014 मध्ये आला. ग्रुपमध्ये मात्र सगळ्यांनी वाचल्यावरच टिक निळ्या होतात. आपला मेसेज दाबून धरून ‘इन्फो’ उघडा, कोणी वाचला ते नावानिशी दिसेल. एकच टिक अडकली तर बहुतेक वेळा समोरचा फोन बंद असतो किंवा नेट नसतं. न पोहोचलेला मेसेज सर्व्हर 30 दिवस ठेवतो, मग पुसतो.

एप्रिल 2016 पासून मेसेज पाठवणाऱ्याच्या फोनवरच कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्या फोनवर उघडतो. वाटेत वाचताच येत नाही, तर टिक कशाची लागणार? खरी फट बॅकअपमध्ये, म्हणजे चॅटच्या साठवून ठेवलेल्या प्रतीत आहे. तिला हे कुलूप आपोआप लागत नाही; सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप इथे जाऊन एंड-टू-एंड एन्क्रिप्शन (हेच ते कुलूप) स्वतः चालू करावं लागतं. तेव्हा ठेवलेला पासवर्ड मात्र नीट जपा. तो हरवला तर कंपनीलाही बॅकअप उघडून देता येत नाही.